बारावा महिना, पंचविसावी तिथी

सिन्चू,
६ सप्टेंबर १९९२

ती. अ-खिम आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. मी इकडे ठीक आहे. तूही ठीक असशीलच, कारण नसलीस तरी ते कुणाला सांगायची नाहीस.

तुझं पत्र आणि सुक्या कालवांचा डबा एकाच दिवशी पोचले. डबा आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केला, पत्राला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. वादळाच्या पावसात माझ्या बाराही बोयांचे लाल बावटे वेळेवर वर आले, हे वाचून मी खुर्चीवरून उठले आणि उगाचच दोन जिने उतरून पुन्हा चढून आले. गावातल्या बायका त्या बोयांना ‘जावई’ म्हणतात असं तू लिहिलंस. महिनोन्‌महिने पाण्यात नुसते उभे, कामाच्या नावानं शून्य, म्हणून जावई. आता वादळात एवढी कामगिरी केल्यावर तरी त्यांचं नाव बदला म्हणावं.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या विभागाचे प्रमुख लियाव साहेब यंदाच्या तरुण संशोधकांच्या पदकासाठी माझं नाव पाठवणार आहेत. देशातून दहा जण निवडतात. अर्जात मी असं लिहिलंय: ‘खाडीत पावसाचं गोडं पाणी शिरलं की वरच्या थरातली कालवं मरतात. बोयाच्या पोटातल्या दोन पट्ट्या पाण्यातलं मीठ मोजतात, मीठ उतरलं की कळ सुटते आणि बावटा वर येतो. तो काठावरून दिसताच लोक होड्या घेऊन जातात आणि कालवांच्या माळा खाली, खाऱ्या पाण्यात सोडतात.’ तुला समजलं का ते कळव. तुला समजलं तर परीक्षकांनाही समजेल, असं मी साहेबांना सांगून बसलेय.

पदकाची मला हौस आहे, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याबरोबर जे मिळतं ते मला जास्त हवंय. पदक मिळालं की दोन वर्षं स्वतःच्या कामासाठी संस्थेत जागा, हत्यारं आणि दोन मदतनीस देतात. बाराचे तीनशे बोये होतील, सबंध खाडीला पुरतील. नाही मिळालं तर नव्या वर्षापासून मला टीव्हीच्या रिमोटच्या विभागात बसवणार, हे ठरलेलं आहे. तेही काम वाईट नाही, पण मला ते करायचं नाही.

अडचण आहे ती वयाची. १ जानेवारीला तीस पूर्ण झालेली असतील तर अर्ज घेत नाहीत. घराच्या नोंदवहीत माझा जन्म २५ डिसेंबर १९६२ चा आहे, म्हणजे एका आठवड्यानं माझा निकाल लागला. पण तू तर मला लहानपणापासून सांगत आलीस की वर्षअखेरीला देवांना वर स्वर्गात पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वर्गराजा पाहणीला येतो त्या सकाळी मी जन्मले. त्या दिवशी घरात कुणी आवाज चढवायचा नसतो आणि मी नेमकी बोंब ठोकली. म्हणजे बारावा महिना, पंचविसावी तिथी. मी जुनं पंचांग काढून पाहिलं, तर त्या साली ही तिथी २० जानेवारी १९६३ ला पडते. कचेरीत कुणीतरी आपल्या तिथीचीच सरकारी तारीख करून टाकली, आणि मी सव्वीस दिवसांनी फुकट म्हातारी झाले.

मी चौकशी केली. दुरुस्ती होते. त्याला दोन कागद लागतात. एक, सुइणीच्या वहीतला उतारा. दुसरा, जन्माची वर्दी ज्यानं दिली त्याचा जबाब, चूक कशी झाली ते सांगणारा, आणि त्यावर घरातल्या कर्त्या माणसाची सही. वर्दी देणाऱ्याच्या रकान्यात तुझंच नाव आहे आत्या. तेव्हा चार ओळी लिही, बाबांची सही घे आणि पाठवून दे. अर्जाची मुदत १५ नोव्हेंबरपर्यंत आहे.

बाबांना नमस्कार. माझ्यावर माया आहे तेवढी असू दे, त्या चार ओळी मात्र विसरू नकोस.

तुझी,
पेइ-रोंग


हाईवेई,
२० सप्टेंबर १९९२

चि. पेइ-रोंग हीस,
अ. उ. आ. पत्र मिळालं. अर्जातलं मला सगळं समजलं, फक्त एवढ्या साध्या गोष्टीला पदक का देतात ते समजलं नाही.

चंद्राचा सण छान झाला. तुझी ताई चाव-ती मुलांना घेऊन आली होती. मुलांनी पपनसाच्या सालीच्या टोप्या घातल्या आणि तुझ्या बाबांनाही घालायला लावली. ते तशीच घालून मिठागरावर जाऊन आले. तिथे त्यांना कुणी काही म्हटलं नाही आणि त्यांनीही कुणाला काही सांगितलं नाही. तुझ्या बाबांचं तुला ठाऊकच आहे.

जावयांचं नाव काही बदलत नाही. शेजारची अ-सुआन म्हणते, एक दिवस काम केलं म्हणून जावई काय मुलगा होतो? परवा पाऊस नाही, पाणी नाही आणि सात नंबरचा बावटा वर. बायका धावत गेल्या, तर त्यावर बगळा बसलेला. त्याच्या वजनानं कळ सुटली असणार. तेव्हा पदकाच्या आधी बगळ्याचं काहीतरी बघ.

आता तुझ्या कागदाबद्दल. एक तर तू एकोणतीसची नाहीस, एकतीसची आहेस. जन्मलीस तेव्हा एक, पाच दिवसांनी नवं वर्ष लागलं तेव्हा दोन. सगळं गाव असंच मोजतं. तुमच्या सिन्चूला वय कमी करून मिळत असेल तर माझंही दे पाठवून. दुसरं म्हणजे माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, सरकारी कागद लिहायला मला जमायचं नाही. तिसरं म्हणजे त्या खो सुईणबाईंशी माझं बोलणं नाही. तुझ्या जन्माच्या सालापासून नाही. त्यांच्या दारात मी जाणार नाही, आणि का ते विचारू नकोस.

शिवाय मला त्यातलं काही आठवतही नाही. एकोणतीस वर्षं झाली. कारकून नवा होता, समुद्रापलीकडून आलेला, त्याची शाई जांभळी होती आणि टेबलावर अर्धा खाल्लेला पाव होता, एवढंच काय ते आठवतं. चूक कशी झाली ते मी काय सांगणार? होतात चुका. तू हुशार आहेस, साहेब तुझ्या बाजूचे आहेत, दुसरी काहीतरी वाट निघेल.

तुझ्या बाबांपुढे हे काही काढू नकोस. आणि दुकानातल्या फोनवर तर मुळीच नको, तिथे बोललं की गावात दवंडी पिटल्यासारखं होतं. थंडीचे कपडे आत्ताच काढून उन्हात घाल. माझा जीव तुझ्यात आहे, हे कागदावर लिहून दे म्हणालीस तर लगेच देईन.

तुझी,
आत्या


सिन्चू,
५ ऑक्टोबर १९९२

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. तुझ्या डोळ्यांची मला फार काळजी वाटली. चार पानं, पाठपोट, बारीक अक्षरात, एकही खाडाखोड नाही. बिचारे डोळे.

बगळ्याचं बरोबर आहे. मी कळीवर एक टोपण बसवलंय, तीन टोपणं वेगळ्या टपालानं पाठवते. सात नंबरला आधी लाव. अ-सुआन काकूला सांग, जावयाला मुलगा करायचा माझा हट्ट नाही, कामाला लावलं तरी पुरे.

आता थोडं रागावून लिहिते, तूही मग रागाव. मी तुझ्याकडे दागिने मागितलेले नाहीत. चार ओळी मागितल्या. ‘मी वर्दी दिली, तिथी सांगितली, कारकुनानं ती तारीख म्हणून लिहिली.’ संपलं. तुला कारकुनाच्या शाईचा रंग आठवतो आणि त्याला तू काय सांगितलंस ते आठवत नाही? लियाव साहेब रोज विचारतात आणि मी रोज सांगते की आत्याचं पत्र वाटेत आहे. त्यांना आता वाटत असेल की आमच्या गावाला टपाल बैलगाडीतून येतं.

तुझं सुईणबाईंकडे जायचं संकट मी टाळलंय. त्या आता च्याई शहरात मुलाकडे असतात, पत्ता ताईकडून मिळाला. मी त्यांना लिहिलं आणि आठ दिवसांत उत्तर आलं. ऐंशी वर्षांच्या आहेत, पण अक्षर माझ्यापेक्षा बरं. जपान्यांच्या वेळी शिकलेल्या असल्यामुळे त्यांची वही पहिल्यापासून सरकारी तारखांची आहे. उतारा असा: ‘२० जानेवारी १९६३, सकाळ. हौ तेंग-चाय यांचं घर. चौथी मुलगी. आई सुखरूप.’ म्हणजे तारखेचं काम झालं.

पण त्याच्याखाली त्यांनी आणखी एक ओळ उतरवून पाठवली आहे. ‘तैनानकडच्यांना निरोप धाडला. बावीसला येतील.’ तैनानला आपलं कोण आहे? मी तरी कधी ऐकलं नाही. माझ्या जन्माचा निरोप त्यांना कशाला? पत्राच्या शेवटी त्यांनी असंही लिहिलंय की अ-खिमला सांग, माझ्या मनात आता काही नाही, त्या वेळी तिचंच बरोबर होतं. हे सगळं काय आहे आत्या? काही वाईट असेल तर तसं लिही. मी आता लहान नाही, तुझ्या मोजणीनं तर एकतीसची आहे.

चाळीस दिवस उरलेत. लोभ आहेच, तो मागायची गरज नाही. जबाब मात्र मागते.

तुझी,
पेइ-रोंग


हाईवेई,
१८ ऑक्टोबर १९९२

चि. पेइ-रोंग हीस,
अ. उ. आ. तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. टोपणं लावली. बगळा आता आठ नंबरवर बसतो.

त्या बाईंनी ती ओळ उतरवून पाठवली, आता लपवून उपयोग नाही. सरळ लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायला बसणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

तुझ्या आधी तीन मुली झाल्या होत्या. चौथीही मुलगीच झाली तर ती देऊन टाकायची असं माझ्या आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, आधीच ठरवलं होतं. त्या काळी आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ घरांतून मुली देत असत, त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. खो सुईणबाईंनी तैनानचं घर शोधलं होतं. कापडाचं मोठं दुकान, नवरा-बायको चांगली, मूल नाही. पैशांचा व्यवहार नव्हता, ते मी आधी सांगून टाकते. त्यांची अट एवढीच होती की मूल त्यांच्या पोटचं म्हणून नोंदवायचं, मागे कागद राहायला नको. तिसऱ्या दिवशी, तुला पहिली आंघोळ घातली की ते येऊन नेणार होते. देव वर गेलेले असतात त्या दिवसांत मुहूर्त बघावा लागत नाही, म्हणून तर सगळ्यांना ते सोयीचं वाटलं.

मी तेव्हा एकोणीसची. माझं लग्न ठरायचं होतं आणि घरात मला कुणी काही विचारत नसे. तुझ्या आईला आल्याचं, तिळाच्या तेलातलं कोंबडीचं कालवण द्यायला मी खोलीत गेले. तू तिच्या बाजूला होतीस आणि कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत होतीस. मिठाची पोती कमी भरली की तपासणीला येणारा साहेब बघतो ना, तशी. मला हसू आलं, आणि त्यानंतर मला काही सुचेना. काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ही मुलगी दुसऱ्या घरी आठ्या घालणार हे मला चालेना, एवढंच.

घराची नोंदवही तुझ्या आईच्या उशीखाली असायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती काढायला गेले. तुझी आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी उशीखाली हात घातला तेव्हा तिनं डोकं जरासं उचललं. वही निघाली तसं पुन्हा टेकवलं. माझ्याकडे बघितलं नाही. देवाघरी जाईपर्यंत तिनं हा विषय कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. तुला हे कळावं असं मला नेहमी वाटायचं.

पिठाची चाळण परत करायला जाते असं सांगून मी सायकल काढली आणि वही पोलक्यात खुपसून कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, जन्म कधी? मी म्हटलं, बारावा महिना, पंचवीस. आपण दुसरं काय म्हणणार? त्यानं लिहिलं आणि मलाच झापलं, की महिना होत आला आणि आता येता होय वर्दी द्यायला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यानं भलतंच लिहिलंय. पण मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, जा, घरच्या मोठ्या माणसाला घेऊन ये. म्हणून मी तोंड मिटून बसले. मग त्यानं नाव विचारलं. द्यायच्या मुलीचं नाव कुणी ठरवलेलंच नव्हतं. आमच्या शाळेत हेडमास्तरांची मुलगी दर वर्षी पहिली यायची, तिचं नाव पेइ-रोंग. मला ठाऊक असलेलं तेवढं एकच हुशार नाव. तेच दिलं. तुझ्या बहिणींची नावं भाऊ मागणारी आणि तुझं एकटीचं असं का, असं तू विचारायचीस, त्याचं कारण हे.

नाव वहीत चढलं, शिक्का बसला. आता तुला द्यायचं तर सह्या, कागद, साक्षीदार सगळं आलं, आणि तैनानकडच्यांना तेच नको होतं. ते बावीसला आले, वही बघितली, चहा घेतला आणि तुझ्यासाठी आणलेलं लाल दुपटं घेऊन परत गेले. सुईणबाईंची फार शोभा झाली. त्यांनी मला दारात उभं करून बोलायचं ते सगळं बोलून घेतलं, मीही कमी केलं नाही. वर्षअखेरच्या जेवणाला आईनं माझा वाडगा मांडला नाही. तुझ्या बाबांनी स्वतःचा वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि ते बाहेर जाऊन बसले.

आता तुझा जबाब. त्यात हे लिहावं लागेल, निदान खरं लिहायचं तर. माझी आई गेली, ती आता कुणाला उत्तर द्यायला नाही, पण तुझे बाबा आहेत. त्यांनी मुलगी द्यायला होकार दिला होता असं सरकारी कागदावर मी लिहायचं आणि त्यांनी त्यावर सही करायची, हे माझ्यानं होईना. म्हणून मी टाळत होते. आणखी एक आहे, तेही लिहिते. तैनानच्या त्या दुकानाला पुढे तीन मजले चढले. तू तिथे वाढली असतीस तर तुला पियानो मिळाला असता, परदेशी शिकली असतीस. इथे तू नवव्या वर्षापासून माझ्याबरोबर कालवं फोडलीस, तुझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. कधी तुला हे कळलं आणि तू मला विचारलंस की कशाला ठेवलंस, तर एवढंच सांगेन: मला फक्त आठ्या घालणारी मुलगी हवी होती.

मी दोन जबाब लिहिलेत. एकात लिहिलंय की मी लहान होते, वेंधळी होते, तारीख चुकली. दुसऱ्यात खरं लिहिलंय. दोन्ही तुझ्या बाबांच्या हातात देऊन आले आणि म्हटलं, तुम्हाला पटेल त्यावर सही करा. ते मान हलवून मिठागरावर गेले.

जेवणाची हेळसांड करू नकोस. तुझा राग आला तरी तो माझ्याकडेच येऊ दे, दुसरीकडे जाऊ नये.

तुझी,
आत्या


हाईवेई,
२७ ऑक्टोबर १९९२

चि. पेइ-रोंग हीस,
आशीर्वाद. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे.

आत्यानं दोन कागद दिले. मी दोन्ही वाचले. खरा होता त्यावर सही केली, दुसरा चुलीत घातला. कचेरीत मीच गेलो. तिथल्या मुलानं कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं की त्यात लिहिलंय तसंच झालं होतं. त्यानं शिक्का मारला. दुरुस्त केलेली नोंद सोबत ठेवली आहे.

आजीनं ठरवलं होतं हे खरं, पण हो मी म्हटलं होतं. त्या साली मिठावर पाऊस फार झाला. घरात भात नव्हता, रताळ्याचे सुके काप होते. तिकडे तुला भात मिळेल असं वाटलं. चिडायचं असेल तर माझ्यावर चिड. आत्यावर नको.

इकडे वारा सुटलाय. बोये ठीक आहेत.

बाबा


सिन्चू,
३० मार्च १९९३

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. पदक मिळालं हे तुला दुकानातल्या फोनवरून कळलंच असेल, म्हणजे सगळ्या गावालाही. दोन वर्षांची जागा मिळाली. येत्या सोमवारपासून दोन मदतनीस येतात, त्यातला एक समुद्र न पाहिलेला आहे. त्याला मी उन्हाळ्यात तुझ्याकडे पाठवणार आहे, त्याला कालवं फोडायला बसव.

नव्या वर्षाला मी घरी आले तेव्हा तू मला बोलूच दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तू त्यात काहीतरी घालत होतीस. म्हणून राहिलेलं आता लिहिते. तुझं ते पत्र मी संस्थेच्या खानावळीत वाचलं आणि भातावर रडले. लियाव साहेबांना वाटलं, अर्ज फेटाळला. त्यांनी स्वतःची मासळी माझ्या ताटात घातली.

राग मला आला नाही आत्या. बाबांचाही आला नाही. आईनं डोकं उचललं ती ओळ मात्र मी फार वेळा वाचली.

पियानोचं तू लिहिलं होतंस. परत येताना मी तैनानला उतरले होते. दुकान अजून आहे, तीनच मजले. आत जाऊन तुझ्या पोलक्यासाठी दोन वार निळं कापड घेतलं. एक म्हातारे गृहस्थ होते, मापून देताना चार बोटं जास्तच सोडत होते. चांगली माणसं असणार. मी कोण ते सांगितलं नाही. बाहेर आले, समोर बस उभी होती, ती पकडली. तिथे राहिले असते तर बरं झालं असतं असं मला क्षणभरही वाटलं नाही. तिथे मी कापड मापलं असतं आणि आठ्या घातल्या असत्या. कापड वेगळं पाठवलंय. रंग आवडला नाही तरी शिवून घे.

आता कालच्या पदकाच्या समारंभाचं सांगते. तू आली नाहीस ते माझ्या मनाला लागलं, पण तुझ्या पोटाला बस सोसत नाही, त्याला ते कसं सांगणार? बाबा चाव-तीच्या नवऱ्याचा कोट घालून आले होते. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या म्हणून त्यांनी हात मागे बांधले, आणि सगळ्यांना ते फार मोठे अधिकारी वाटले. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे २० जानेवारी छापलं होतं. बाबांनी ते बोटानं चाचपून बघितलं.

पदक लावून झालं की प्रत्येकाच्या आईवडिलांना मंचावर बोलवत होते. सूत्रसंचालन करणारी बाई सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होती, मुलाला असं कसं घडवलंत? कुणी शिस्तीचं सांगितलं, कुणी पुस्तकांचं. एका आईनं आपल्या मुलाच्या दुधाच्या दातांपासून सुरुवात केली. आमची पाळी आली. बाबांना प्रश्न विचारला आणि ते गप्प. इतका वेळ गप्प, की त्या बाईनं माईक काढून घ्यायला हात पुढे केला. तेव्हा बाबांनी तो घट्ट धरला आणि बोलले. म्हणाले की हे मला विचारू नका, मला ठाऊक नाही. ही माझी चौथी मुलगी, मी हिला देऊन टाकायला निघालो होतो. माझ्या बहिणीनं सायकलवरून कचेरीत जाऊन हिचं नाव आमच्या घरात लिहिलं. तिला विचारा. ती आज आलेली नाही, तिला बस लागते.

मग मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या सभागृहाच्या टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. बाबा खाली आले, माझ्या शेजारी बसले आणि मला विचारलं, मी जास्त बोललो का?

तुझी,
पेइ-रोंग